पुड्यावरची मुलगी

भिवंडीत कल्याण नाक्याजवळच्या टपरीवर सकाळी रात्रपाळीचे लोक जमतात. यंत्रमागावरून सुटलेले, गोदामात ट्रक खाली करून आलेले. एका हातात कटिंग, दुसऱ्यात पारले-जीचा पुडा. अशाच एका सकाळी वाड्याकडच्या एका हमालाने चहात बिस्कीट बुडवलं आणि पुड्यावरच्या मुलीवर बोट ठेवून म्हणाला, "दादा, ही पोर लहानपणीच गेली. बापाने आठवण म्हणून छापली." बोलता बोलता बिस्कीट तुटून चहात पडलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्याचा जीव खरोखर हळहळत होता. म्हणून या मुलीची कुळकथा नीट सांगावीशी वाटते.

मोहनलाल दयाळ चौहान यांनी १९२९ साली विलेपार्ल्यात गोळ्या-पेपरमिंटचा कारखाना काढला. गावाचं नाव कंपनीला लागलं. दहा वर्षांनी तिथे बिस्किटं भाजली जाऊ लागली. साहेबी बिस्किटं महाग होती. हे 'पारले ग्लुको' सामान्यांच्या खिशाला परवडणारं होतं. वेष्टनावर सुरुवातीला गाय आणि गवळण होती. गोबऱ्या गालांची, आखूड केसांची मुलगी आली ती १९६०च्या दशकात. एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेतले चित्रकार मगनलाल दैया यांनी ती काढली. पुढे ग्लुकोज बिस्किटांचा बाजारात सुळसुळाट झाला, तेव्हा १९८०च्या दशकात ग्लुकोचा नुसता 'जी' उरला. मुलगी मात्र तीच राहिली.

दंतकथा तिच्यामागे लागल्या. कुणी म्हणालं, ती नागपूरची; चार वर्षांची असताना वडिलांनी फोटो काढला. कुणी सुधा मूर्तींचं नाव घेतलं. त्या बायकांच्या फोटोंशेजारी पुडा ठेवून मोबाइलवर पुरावे फिरले. कंपनीने खुलासा केला, की हा कुणाचाही फोटो नाही, कल्पनेतलं चित्र आहे.

मग मरणाची गोष्ट कुठून आली? मला तिचं मूळ दुसऱ्या पुड्यावर दिसतं. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी धुण्याची पावडर विकायला सुरुवात केली आणि आपल्या मुलीच्या, निरुपमाच्या, नावावरून तिला 'निरमा' म्हटलं. ती मुलगी मोटार अपघातात गेली. पांढऱ्या झग्यात गिरकी घेणाऱ्या चित्रामागे खरंच एका बापाचं दुःख आहे. एकदा ही गोष्ट ऐकली, की मन प्रत्येक हसऱ्या छापील मुलीमागे तसाच बाप शोधू लागतं.

त्यात पारले-जीची मुलगी वाढत नाही. आजोबांनी पाहिली तेवढीच ती नातवाला दिसते. घरातली लेकरं मोठी होतात, गावाकडची तर न बघताच मोठी होतात. हिचं वय तेवढंच. ज्याचं वय थांबतं ते माणूस गेलेलं असतं, हा आपल्या भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोंनी शिकवलेला हिशेब आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा कंपनीने तीन आठवड्यांत तीन कोटी पुडे वाटण्याचं जाहीर केलं. त्या दिवसांत भिवंडीचे माग थंडावले आणि माणसं पायी गावाकडे निघाली. भुकेच्या वेळी हाताशी असलेल्या चेहऱ्याविषयी माणूस हळवा होणारच. त्या हळवेपणाला मी खोटं म्हणणार नाही.

पण या दंतकथेत एका माणसावर अन्याय झाला आहे. नसलेल्या मुलीला आपण नाव, गाव, आईबाप आणि मरणसुद्धा दिलं; ज्या हाताने ती घडवली त्याचं नाव मात्र टपरीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्या हमालाला ते सांगितलं. त्याने पुडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मग त्याचं नाव का नाही छापलं?"

प्रश्न रास्त आहे. पुढच्या वेळी कुणी या मुलीची करुण कहाणी सांगू लागलं, तर एवढं जरूर सांगा: ती कधी मेली नाही, कारण ती कधी जन्मलीच नव्हती. तिला मगनलाल दैया यांनी काढलं.