सांगड आणि फिरती डोलकाठी

लहान कॅटमरानची, म्हणजे दोन अंगं जोडून केलेल्या शिडाच्या होडीची, डोलकाठी जागच्या जागी, स्वतःभोवती फिरते. ही कल्पना विमानाच्या पंखावरून आली असं बहुतेक जण सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. ती सांगडीच्या पोटी जन्मली, आणि सांगडीचा माग काढायचा तर बिडकीनवरून पैठणला जाणारा रस्ता धरावा लागतो.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वहीत पैठणचं नाव आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं हे गाव. इथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून बंदराकडे जात. त्याच वहीत पुढे पूर्व किनाऱ्याचं वर्णन येतं आणि तिथे एक जहाज भेटतं: अखंड लाकडाच्या होड्या एकमेकींना बांधून केलेलं, भलं मोठं, नाव ‘संगर’. या नावाने मला अक्षरशः झपाटलं.

विद्वानांचं यावर एकमत नाही. बेन्फाय या जर्मन पंडिताने ते संस्कृतातल्या व्यापारवाचक शब्दाकडे नेलं. लासेन या दुसऱ्या पंडिताला ते पटलं नाही. जहाजाला कुणी ‘व्यापार’ म्हणून हाक मारील, हे मलाही पटत नाही. कॉल्डवेल या भाषापंडिताने मल्याळममधला ‘चंगाडम’ म्हणजे तराफा पुढे केला, आणि तो दावा भक्कम आहे. केरळात माणसं-गाड्या पलीकडे नेणाऱ्या तरीला आजही ‘जंकार’ म्हणतात. पण मोल्सवर्थचा कोश उघडावा. तिथे ‘सांगड’ म्हणजे दोन होड्या एकत्र बांधून केलेलं तरतं साधन. वेळेची आणि खर्चाची सांगड आपण रोज घालतो, ती हीच.

मग ‘ड’चा ‘र’ कसा झाला? ग्रीकांना ‘ड’ पेलत नव्हता. लाट देश, प्राकृतात लाड, त्यांच्या लेखी ‘लारिके’ झाला. तसाच सांगडचा संगर. राहता राहिला प्रश्न की मराठी मुलखातला शब्द पूर्व किनाऱ्यावर पोचला कसा. सातवाहनांची राजधानी पैठण, आणि त्यांचा अंमल पूर्व समुद्रापर्यंत. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज ठसठशीत उमटलेलं आहे. सत्ता ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने शब्दही गेला असणार, असा माझा तर्क आहे.

मधले टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. तमिळ ‘कट्टुमरम’वरून इंग्रजांनी कॅटमरान उचललं, 1876 मध्ये नॅथनिएल हेरेशॉफच्या ‘अमॅरिलिस’ने न्यूयॉर्कच्या शर्यतीत भल्याभल्यांना मागे टाकलं, 1967 ला रॉडनी मार्चची टॉर्नेडो आली, 1968 ला होबी 14.

आता डोलकाठीकडे वळू. शिडाच्या पुढच्या कडेला जाड खांब उभा असला की वारा त्याच्यावर आपटतो आणि मागे भोवरे उठतात. शिडाचा सर्वांत कामाचा भाग नेमका तिथेच असतो, त्यामुळे तोच निकामी होतो. कोकणातल्या गलबतांना हा त्रास कमी, कारण त्यांचं शीड तिरक्या परबाणाला, म्हणजे शीड पेलणाऱ्या काठीला, बांधलेलं. वाऱ्याला आधी परबाण भेटतं. कॅटमरान मात्र वेगात पळते, आणि वेग वाढेल तसा वारा अधिकाधिक नाकासमोरून आल्यासारखा लागतो. म्हणून काठीला थेंबासारखा लांबट छेद द्यायचा आणि तिचं निमुळतं अंग शिडाच्या ओळीत वळवायचं.

पण वळवायचं कसं? इथे सांगड कामाला येते. अरुंद होडीवर उंच काठी उभी ठेवायची तर वर-खाली बरेच ताण, म्हणजे आधाराच्या तारा, लागतात आणि काठी जखडून जाते. दोन होड्या लांब ठेवून जोडल्या की बैठक रुंद होते. मग पुढे एक आणि दोन बाजूंना दोन, अशा तीन तारा वर एकत्र आणून बांधल्या, बुडाशी गोळा दिला, की काठी फिरायला मोकळी. तिला ताठ ठेवणाऱ्या इतर तारा तिच्याच अंगाला बांधलेल्या असतात आणि तिच्याबरोबरच फिरतात.

यावर कुणी म्हणेल, लेझर ही एकाच अंगाची होडी, तिचीही काठी फिरते. फिरते खरी, पण तिला ताणच नाहीत, आणि छेद गोल असल्याने फिरण्यातून आकार काही बदलत नाही. विमानवाद्यांचंही एक मान्य करतो: 1966 च्या ‘लेडी हेल्म्समन’ या कॅटमरानची रुंद, पंखासारखी काठी विमानविद्येचीच लेक होती. पण ती उभी राहिली सांगडीवरच.

फिरत्या काठीला आवर घालावा लागतो. बूम, म्हणजे शिडाच्या पायाचा दांडा, काठीला पुढे रेटतो, त्या रेट्याने ती वळते, आणि मोकळी सोडली तर हवी त्यापेक्षा जास्त वळते. म्हणून बुडाशी एक आडवा दांडा असतो. त्याला दोरी, दोरीला चिमटा. मंद वाऱ्यात दोरी सैल सोडून काठी भरपूर वळू देतात, वारा चढला की आवळून घेतात. वारा पाठीशी आला की काठी जवळजवळ काटकोनात जाते. खरी गंमत दिशा पालटताना होते. मंद वाऱ्यात होडी वळते, शीड पलटतं, पण काठी जुन्याच बाजूला अडून बसते. तेव्हा बूमला हाताने हिसका द्यायचा. खालून ‘टक्’ असा आवाज येतो आणि काठी नव्या बाजूला जाऊन बसते.