दारातला बर्फ कुणी काढायचा?

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या शेवटी, शेजारचे आजोबा आपल्या गॅरेजमधून एक गंजलेले यंत्र ओढत माझ्या दारात घेऊन आले. “तुम्ही इंजिने दुरुस्त करता असे ऐकले. हे चालले तर तुमचे, नाही चालले तर भंगारात द्या,” एवढे बोलून ते पायरीवर बसले. मी मिनिआपोलिसमध्ये राहतो. इथे पहिला बर्फ कधी कधी ऑक्टोबरमध्येच येतो आणि शेवटचा एप्रिलमध्ये जातो. १९९१ साली ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळात या शहरावर २८ इंच बर्फ पडला होता. जुनी माणसे अजून त्याच्या गोष्टी सांगतात.

यंत्र लहानसेच होते. पुढे पत्र्याचा जबडा, त्यात आडवा फिरणारा रोटर, त्याच्यावर टू-स्ट्रोक इंजिन आणि मागे एक दांडा. चाके नावापुरती. थोडक्यात, पेट्रोलवर चालणारे फावडे. नावाची पट्टी कधीच गळून पडली होती, पण घडण सत्तरच्या दशकाच्या शेवटची दिसत होती.

आजोबांनी त्यामागची हकीकत सांगितली. आदल्या जानेवारीत एका सकाळी हे सुरू झाले नाही. त्यांनी वीसेक वेळा दोरी ओढली आणि मग हातातले फावडे घेतले. अर्धा फूटपाथ झाल्यावर छातीत कळ आली. समोरच्या सोमाली कुटुंबातल्या मुलाने पाहिले म्हणून वाचले. आता डॉक्टरांनी फावडे हातात धरायलाच मनाई केली आहे.

एक घनफूट कोरडा बर्फ साधारण तीन किलोचा असतो, ओला असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. त्यात थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळात बर्फ उपसताना झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास आहे. त्यातला आकडा १,६४७ आहे, म्हणजे वर्षाला सरासरी शंभराच्या आसपास. बहुतेक मृत्यू हृदयविकाराचे.

मग पंचाहत्तरी उलटलेला माणूस सार्वजनिक फूटपाथवरचा बर्फ का उपसत होता? कारण तसा नियम आहे. बर्फ थांबल्यापासून २४ तासांत आपल्या घरासमोरचा फूटपाथ मोकळा करायचा, नाहीतर महापालिका तो काढते आणि बिल पाठवते. फूटपाथ सगळ्यांचा, बर्फ आभाळातला, जबाबदारी मात्र घरमालकाची. हे असे कधीपासून आणि कसे झाले, याचा शोध घेताना मी त्या यंत्राच्या इतिहासात शिरलो.

मोटारी येण्याआधी बर्फ हटवायची फारशी गरजच नव्हती. लोक घसरगाडीने फिरत आणि घसरगाडीला बर्फ हवाच असतो. न्यू इंग्लंडमधली गावे घोड्यांनी ओढायचे मोठे लाकडी रोलर फिरवून रस्त्यावरचा बर्फ दाबून घट्ट करीत. छप्पर असलेल्या पुलांवर तर बाहेरून बर्फ आणून पसरायला माणसे लावलेली असत. बर्फ हटवण्याची निकड आधी शहरांना आणि रेल्वेला वाटू लागली. १८६२ मध्ये मिलवॉकी शहराने घोड्यांच्या गाडीला नांगर जोडून रस्ते साफ केल्याची नोंद आहे.

रेल्वेचा प्रश्न वेगळा होता. डोंगरातल्या कटिंगमध्ये बर्फ इतका साचे की नांगराने तो ढकलायला जागाच उरत नसे. तो उचलून दूर फेकायला हवा होता. ही कल्पना १८६९ मध्ये टोरांटोच्या जे. डब्ल्यू. एलियट नावाच्या दाताच्या डॉक्टरने मांडली: इंजिनाच्या पुढे मोठे फिरते चाक, ते बर्फ आत घेईल आणि बाजूला उडवेल. दातांच्या डॉक्टरला हे कसे सुचले असेल, याचे मला नेहमी कौतुक वाटते. पुढे ऑरेंज जल याने त्यात सुधारणा केली, लेस्ली बंधूंनी यंत्र बांधले आणि १८८३-८४च्या हिवाळ्यात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेवर त्याची चाचणी झाली.

रुळांवरचे हे यंत्र रस्त्यावर आणले क्यूबेकच्या आर्थर सिकारने. तो दुग्धव्यवसाय करणाऱ्या कुटुंबातला. रस्ते बंद झाले की दूध शहरात पोचत नसे, म्हणजे पोटाचाच प्रश्न. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १९२५ मध्ये त्याचे ट्रकवर बसवलेले यंत्र तयार झाले आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियललगतच्या उत्रमाँ नगरपालिकेने ते विकत घेतले. इथवर बर्फ काढणे हे मोठ्या संस्थांचे काम होते. आधी रेल्वेचे, मग नगरपालिकेचे.

घरमालकाच्या हातात यंत्र आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. उपनगरे वाढली, प्रत्येक घराला गाडी आणि गाडीसाठी लांब वाट आली. माझ्या शहरातली टोरो ही कंपनी १९१४ मध्ये ट्रॅक्टरची इंजिने बनवण्यासाठी निघाली होती. माणसाने मागे चालत चालवायचे बर्फयंत्र आपण १९५१ मध्ये पहिल्यांदा बनवले, असा तिचा दावा आहे. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रिलियन गावची एरियन्स कंपनी माती भुसभुशीत करणारी यंत्रे बनवत असे. तिने १९६० मध्ये बर्फयंत्र बाजारात आणले. उन्हाळ्यात माती आणि हिवाळ्यात बर्फ, दोन्हींचे तंत्र तसे जवळचेच. मोठ्या यंत्रांत एक मळसूत्र बर्फ मधोमध गोळा करते आणि मागचा पंखा तो धुराड्यातून फेकतो. लहान यंत्रांत एकच रोटर दोन्ही कामे करतो, म्हणून ती हलकी आणि स्वस्त.

ही हलकी यंत्रे सत्तरच्या दशकात घरोघर पोचली. त्याला हवामान कारणीभूत होते: जानेवारी १९७७ चे बफेलोचे वादळ, फेब्रुवारी १९७८ चे न्यू इंग्लंडचे, जानेवारी १९७९ चे शिकागोचे. लोकांनी दुकाने रिकामी केली, कंपन्यांनी उत्पादन वाढवले आणि पुढचे दोन हिवाळे जवळजवळ कोरडे गेले. टोरो डबघाईला आली. १९८३ मध्ये तिने एक अजब योजना काढली. हिवाळ्यात सरासरीपेक्षा फारच कमी बर्फ पडला तर पैसे परत, आणि यंत्रही तुमच्याकडेच. कंपनीने या जोखमीचा विमा उतरवला होता. पावसावर पीक घेणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला अशी हमी कुणी दिली असती तर, हा विचार ते वाचताना माझ्या मनात आला.

शिकागोच्या वादळाला आणखी एक बाजू आहे. शहर ठप्प झाले असताना लोकलगाड्या वेगाने मध्यवर्ती भागात पोचाव्यात म्हणून अनेक स्थानके वगळली गेली, आणि ती बहुतेक कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली होती. प्लॅटफॉर्मवर कुडकुडणाऱ्या लोकांसमोरून गाड्या न थांबता गेल्या. महिन्याभराने प्राथमिक निवडणूक झाली. त्या वस्त्यांनी महापौर मायकेल बिलँडिक यांना मत दिले नाही. ते हरले आणि जेन बर्न पुढे शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्याआधी फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले रस्ते कित्येक दिवस तसेच पडून होते. त्या वादळात शहरात ४२ माणसे दगावली, त्यांतली निम्मी क्वीन्समधली. कुणाच्या दारातला बर्फ आधी उचलला जातो, हे पाहिले की शहराच्या लेखी कोण कुठे उभे आहे ते कळते. पावसाळ्याआधीची नालेसफाई कुठल्या मोहल्ल्यापर्यंत येऊन थांबते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता यंत्राकडे वळतो. मी मिरजेत लहानाचा मोठा झालो. शाळेच्या सुट्टीत मामूंच्या गॅरेजात बसायचो, तेव्हा सगळ्या स्कूटर टू-स्ट्रोक होत्या. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचे, सकाळी गाडी तिरकी करायची आणि मग किक मारायची. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे हे माझे पहिले काम. “पहले साफ कर, बाद में खोल,” असे मामू बजावायचे. बाहेरची घाण आत गेली तर दुरुस्तीच बिघाड होऊन बसते.

तसेच केले. आधी गंज आणि जुने ग्रीस काढले. प्लग काढून बोटाने छिद्र दाबले आणि दोरी ओढली. कॉम्प्रेशन चांगले होते, म्हणजे पिस्टन आणि रिंगा शाबूत. मग फ्लायव्हील काढून खालचे पॉइंट पाहिले. त्यावर काळा थर होता. तो घासला आणि फट अर्धा मिलिमीटर ठेवली. ठिणगी निळी, कडक पडली. पेट्रोलची नळी वाळून कडक झाली होती, हात लावताच तुटली. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. त्या काळचे रबर त्याच्यासाठी बनलेले नाही.

शेवटी कार्बोरेटर उघडला. तळाशी मधासारखा पिवळा, चिकट थर. टाकीत महिनोन्महिने राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे असा राळेसारखा गाळ राहतो. मुख्य जेटचे छिद्र पूर्ण बुजले होते. ते छिद्र सुईच्या टोकाएवढे. क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून तांब्याच्या बारीक तारेने मोकळे केले. नवा डायफ्राम, नवी नळी, नवा प्लग. ३२ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल असे मिश्रण घातले. तिसऱ्या ओढीला इंजिन धरले आणि निळ्या धुरासोबत गॅरेजात मिरजेचा वास पसरला.

पण चालू झाले म्हणजे वापरण्याजोगे झाले, असे नाही. आजच्या यंत्रात दांड्यावरची कांडी सोडली की रोटर थांबतो. यात तशी सोयच नव्हती. इंजिन चालू म्हणजे रोटर चालू. ओला बर्फ अडकला की माणूस हात घालतो आणि बोटे जातात. म्हणून मी दांड्यावर स्प्रिंगचा एक स्विच बसवला. तो दाबून धरला तरच इंजिन चालते, सोडला की ठिणगीचा करंट अर्थ होतो आणि इंजिन बंद पडते. अडकलेला बर्फ काढायला लाकडी काठी ठेवली. इंजिन बंद असले तरी आत हात घालायचा नाही, कारण ताणलेला पट्टा रोटरला झटका देऊ शकतो.

धुराचा प्रश्न मात्र सुटत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात आत आलेल्या मिश्रणाचा सुमारे पाव भाग न जळताच बाहेर जातो. १९९७ पासून अमेरिकी सरकारने अशा लहान इंजिनांच्या धुरावर मर्यादा घातल्या, त्या योग्यच होत्या. रोज वापरायला मी हे यंत्र कुणाला सुचवणार नाही. हिवाळ्यात दहा-बारा वेळा, वीस-वीस मिनिटे, एवढाच त्याचा वापर. सहा इंचांपर्यंतचा कोरडा बर्फ ते छान उडवते. महापालिकेचा नांगर गेल्यावर दारात जो गोठलेला बांध उभा राहतो, त्यापुढे ते हात टेकते. तिथे फावडेच लागते.

डिसेंबरातल्या पहिल्या बर्फाला मी आजोबांच्या फूटपाथपासून सुरुवात केली, मग समोरच्या सोमाली कुटुंबाचा, मग माझा. दिवस जुम्याचा होता आणि मशिदीच्या वाटेवरही बरेच जण फावडी घेऊन उतरले होते. वाटेतली त्रास देणारी वस्तू दूर करणे हासुद्धा इमानाचा एक भाग, अशी पैगंबरांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मिरजेत तिचा अर्थ रस्त्यातला दगड किंवा केळीची साल एवढाच होता.

आजोबा खिडकीतून पाहत होते. मी कॉफीला आत गेलो तेव्हा त्यांनी विचारले, “काय बिघडले होते?”

मी खरे ते सांगितले. जुने पेट्रोल, बुजलेला जेट.

ते थोडा वेळ गप्प राहिले. “म्हणजे मार्चमध्ये मी टाकी रिकामी केली असती, तर.”

“नळीही चाळीस वर्षांची होती,” मी म्हणालो. “त्या दिवशी नाही, तर दुसऱ्या दिवशी तुटली असती.” हेही खरेच होते.

पण खरे उत्तर त्या जेटमध्ये नव्हते, असे मला आजही वाटते. मॉन्ट्रियल शहर आपले फूटपाथ स्वतः साफ करते. त्यासाठी लहान यंत्रे रात्रंदिवस फिरतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची पालिकाही मोठा बर्फ पडला की फूटपाथवर नांगर फिरवते. म्हणजे हे अशक्य नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे प्राण सुईच्या टोकाएवढ्या छिद्रावर अवलंबून राहावेत, ही व्यवस्था माणसांनीच ठरवलेली आहे. ती बदलेपर्यंत शेजारी आहेत, आणि काळजी घेतली तर हे यंत्रही आहे. मार्च संपला की मी त्याची टाकी रिकामी करतो, कार्बोरेटर कोरडा होऊन इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो आणि मगच झाकून ठेवतो.