गुडघ्याचा सांधा

मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा. कवटीच्या शिवणी अचल असतात, मणक्यांमधले सांधे जेमतेम हलतात. गुडघा मात्र खुब्याप्रमाणे मोकळेपणाने हलणाऱ्या, वंगणद्रव असलेल्या सांध्यांत मोडतो. मांडीचे हाड, नडगी आणि वाटी मिळून तो बनतो. आतले दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात व नडगीला पुढे-मागे सरकू देत नाहीत. याला सरसकट बिजागरीचा सांधा म्हणणे अपुरे आहे. पाय पूर्ण सरळ होताना नडगी किंचित बाहेर वळते आणि सांधा कुलूपबंद होतो. त्यामुळे उभे राहताना स्नायूंना कमी श्रम पडतात. हे कुलूप उघडतो गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने तिची झीज सहसा भरून येत नाही.