मल्ल आणि मापारी

आपल्या नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे गावकरी दरवर्षी पडलेला पाऊस मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवितात. मोजणारे तेच, वापरणारेही तेच. पण हिशेब चारचौघांत होतो, म्हणून त्या मापाला वजन येते. खेळाडूंनी उत्तेजक द्रव्ये घेतली की काय, हे तपासण्याचे काम आपल्या देशात कसे चालत आले ते पाहू लागलो, की मला हा ताळेबंद आठवतो.

2005 साली केंद्र शासनाने त्यासाठी ‘नाडा’ ही संस्था स्थापिली. तिचा खर्च क्रीडा मंत्रालय करते; ऑलिंपिकला जाणाऱ्या मल्लाच्या तयारीचा भारही बव्हंशी तेच वाहते. पदकाची आस ज्याला, तोच तपासनिसालाही पोसणार! ही अडचण 2016 साली उघडी पडली. 2011 पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणी ते कालविले, हे त्यांचे म्हणणे ‘नाडा’च्या समितीने 1 ऑगस्टला मान्य केले. ‘वाडा’ ही जागतिक संस्था अपिलात गेली. आणि 18 ऑगस्टला, कुस्ती उद्यावर आली असता, क्रीडा लवादाने रिओत चार वर्षांची बंदी फर्माविली. मल्ल दोषी होता की नव्हता, या वादात मी शिरत नाही. घरचा निवाडा बाहेर टिकला नाही, एवढे खरे.

पुढे 2022 च्या कायद्याने ‘नाडा’वर देखरेख करणारे राष्ट्रीय मंडळ योजिले. ‘वाडा’ने आक्षेप घेतला, तेव्हा 2025 च्या दुरुस्तीने मंडळाचा तो अधिकार काढून घेतला. पैसा मात्र अजून शासनाच्याच तिजोरीतून येतो.