पणजोबांचा पत्ता

कोल्हापुरात पणजोबांची गल्ली शोधायला निघालो. इतरांच्या पत्त्यात मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ; आमच्या पत्त्यात फक्त 'महारवाडा'. म्हणजे पत्ता नव्हेच, जातीचा शिक्का.

१९१८ साली शाहू महाराजांनी महार वतन रद्द करून जमिनी एकेकाच्या नावे रयतावा केल्या. वतनाच्या सामाईक ओझ्याखालचा माणूस तिथून पुढे स्वतःच्या नावाने शोधता येतो. भाऊसिंगजी रस्त्यावरचे गंगाराम कांबळे यांचे हॉटेल सर्वांना ठाऊक, कारण महाराज तिथला चहा घेत. पण ज्यांच्या दारी राजा थांबला नाही, त्यांचे काय?

२०२० साली राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. ती बदलावीतच. मात्र नव्या नावाशेजारी जुने नाव दप्तरात राहिले पाहिजे. पणजोबांचा तेवढाच माग माझ्या हाती आहे.