लिएजचें स्वस्त रिव्हॉल्व्हर : संग्राहकानें घ्यावें कीं न घ्यावें ?

मुकुटबन, वणी, पांढरकवडा या टापूंतील जुनीं मातीचीं घरें पाडून नवीं बांधण्याचें काम हल्लीं जोरांत चाललें आहे. अशा घरांच्या माळ्यांवरून पोथ्या, बाडें व मोडी कागदांचे रुमाल निघतात. त्यांबरोबरच कधीं कधीं गंजलेलें, तळहाताएवढें एखादें रिव्हॉल्व्हरही निघतें. मालक तें थोडक्या किंमतीस देऊं करतो, संग्राहकास मोह होतो, आणि तो आम्हांस विचारतो कीं, हें घेण्याजोगें आहे काय ? प्रश्न क्षुद्र दिसतो, परंतु तसा तो नाहीं. संग्राहकाची थैली लहान. एका वस्तूस दिलेला रुपया दुसऱ्या वस्तूस नाकारलेला असतो, आणि ती दुसरी वस्तू बहुधा कागदच असते. म्हणून या विषयाचा थोडा सप्रमाण विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम काळाचा निर्णय करूं. या भागांत निघालेल्या प्रत्येक शस्त्राचा संबंध दुसऱ्या बाजीरावाच्या अखेरच्या धांवपळीशीं जोडण्याची प्रवृत्ति दिसते. ता. १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्स यानें श्रीमंतांच्या फौजेस गांठून तिची दाणादाण केली, हें खरेंच आहे. परंतु सॅम्युएल कोल्ट यास अमेरिकेंत रिव्हॉल्व्हरचें पेटंट मिळालें तें १८३६ सालीं. आणि बुडाशीं पीन असलेल्या काडतुसाचें लफोशो पद्धतीचें रिव्हॉल्व्हर १८५४ च्या सुमारास पुढें आलें. तेव्हां असलें शस्त्र पेशव्यांच्या लढाईंतील असणें अशक्य होय. दुसरी कथा चांद्याकडील १८५८ च्या गोंड जमीनदारांच्या उठावाची सांगतात. तिचा निकाल बहुधा शस्त्रावरील शिक्काच लावतो. चक्रावर वा नळीवर अंडाकृति रेषेंत ई, एल, जी हीं तीन रोमन अक्षरें व त्यांखालीं तारा दिसला, तर तो बेल्जममधील लिएज शहराच्या परीक्षागृहाचा शिक्का समजावा. त्या आकृतीवर मुकुट असेल तर शस्त्राची परीक्षा १८९३ किंवा त्यानंतरची. कारण मुकुट त्या सालापासून घालूं लागले. मुकुट असलेलें शस्त्र १८५८ च्या वीराच्या हातीं देणें म्हणजे नातवाच्या पत्रिकेवरून आजोबांचें लग्न लावण्यासारखें आहे.

आतां कारागिरीकडे वळूं. लिएजचा शस्त्रोद्योग एकाच मोठ्या कारखान्यांत चालत नसे. आसपासच्या खेड्यांतील कुटुंबें घरोघर नळी, चाप, चक्र, मूठ असे भाग घडवीत, आणि शहरांतील व्यापारी ते जुळवून विकीत. गिऱ्हाईक जितका पैसा देईल तितकीच कानस चाले. त्यामुळें एकाच गांवांतून राजास नजर करण्याजोगें शस्त्रही निघे आणि ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचें, मऊ कमानीचें, चार दिवसांत खिळखिळें होणारें शस्त्रही निघे. इंग्लंडांत वेब्ली यांनीं १८७२ सालीं ‘बुलडॉग’ नांवाचें आंखूड रिव्हॉल्व्हर काढलें, तेव्हां लिएजकरांनीं त्याच्या असंख्य स्वस्त नकला केल्या. १८९० नंतरच्या दशकांत ‘व्हेलोडॉग’ नांवाचा अगदीं बारीक गोळीचा प्रकार निघाला. सायकलस्वारानें अंगावर धांवणाऱ्या कुत्र्यास भिववावें, हाच त्याचा हेतु. परीक्षेच्या शिक्क्यावर फार विसंबूं नये. ठराविक जादा बारानें शस्त्र फुटलें नाहीं, एवढीच त्याची ग्वाही. चक्रांतील घर नळीच्या तोंडाशीं नीट येतें कीं नाहीं, कमान किती दिवस टिकेल, याची हमी तो देत नाहीं.

परंतु स्वस्त तें सर्वच टाकाऊ, असा सिद्धांत मात्र इतिहासास मान्य नाहीं. महादजी शिंद्यांच्या पदरीं द ब्वाञ याच्या पलटणींसाठीं सँग्स्टर नांवाच्या स्कॉच मनुष्यानें आग्रा येथें तोफा ओतल्या व बंदुका घडविल्या. तेथील बंदूक सुमारें १० रुपयांस पडे आणि विलायती बंदुकीच्या तोडीची मानली जाई. ती स्वस्त होती, कारण ती आपल्या भट्टींत, आपल्या लोहारांच्या हातून होत होती. मोडली तर तेथेंच दुरुस्तही होत होती. उलट परक्याकडून घेतलेल्या शस्त्राचें सूत्र परक्याच्याच हातीं राहतें. फ्रेंचांनीं १६७३ च्या सुमारास शिवछत्रपतींस ८० तोफा व शिसें विकल्याचें ऑर्म लिहितो. पण १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरच्या इंग्रजांचे गोळे सिद्दी जौहरच्या बाजूनें महाराजांवरच पडले होते. विकणाऱ्यास स्वपक्ष व परपक्ष नसतो. पिनेच्या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरचीही तीच गति झाली. काडतुसें समुद्रापलीकडून येत. तीं येईनाशीं झालीं तेव्हां शस्त्र मुकें होऊन माळ्यावर गेलें.

तसेंच बारीक गोळीचें शस्त्र म्हणजे हलकें शस्त्र, हाही समज बरोबर नाहीं. लिएजला लागूनच असलेल्या हर्स्टल येथील कारखान्यांतून ब्राउनिंग पिस्तुलें बाहेर पडत. १९०९ सालीं सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशीं २० पिस्तुलें गुप्तपणें पाठविलीं, आणि त्याच वर्षीं ता. २१ डिसेंबर रोजीं नाशिक येथें अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन याचा वध ब्राउनिंगनेंच केला. गोळी बारीकच, मुलूखही तोच. भेद होता तो घडणीचा. तेव्हां नळीचें तोंड किंवा देशाचें नांव पाहून भाव ठरवूं नये. जोडकाम पाहून ठरवावा.

आतां मुख्य मुद्दा. शस्त्र म्हणून या रिव्हॉल्व्हरांची किंमत शून्याजवळ आहे, व कलाकृति म्हणूनही फारशी नाहीं; सारख्याच घडणीचीं तीं हजारों निघालीं. मग त्यांत इतिहास कोठें आहे ? आमच्या मतें तो लोखंडांत नसून परवान्यांत आहे. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा ठरला, व गोऱ्या लोकांस मात्र त्यांतून सूट मिळाली. वऱ्हाडची स्थिति आणखी विलक्षण. १८५३ च्या तहानें हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, तरी त्यावरील स्वामित्व निजामाचेंच राहिलें, आणि इंग्रजी कायदे येथें स्वतंत्र हुकुमांनीं लागू करीत. शिवाय पैनगंगा ओलांडली कीं प्रत्यक्ष निजामाचा अंमल. १९०५ पर्यंत ‘वणी’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यांत अशा सीमेवर कोणास शस्त्र बाळगूं दिलें, कोणास नाकारलें, तें पिकांच्या रक्षणार्थ दिलें कीं मानमरातब म्हणून, हें कळणें मोलाचें आहे. आणि तें सांगतो तो परवाना, त्यावरील नूतनीकरणाचा शेरा, व्यापाऱ्याचें बिल, किंवा शस्त्र सरकारजमा केल्याची पावती. दुर्दैवानें घर पाडतांना लोखंड जपून ठेवतात व हे कागद रद्दींत घालतात. मग संग्राहक लोखंड घेतो आणि त्याची वाचा गमावून बसतो.

कायद्याचीही आठवण ठेवली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्यें जुन्या घडणीच्या वा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रास सूट आहे. परंतु दुरुस्तीनें वा दुरुस्तीवांचून तें अग्निशस्त्र म्हणून वापरतां येऊं नये, ही तिची अट आहे. ही अट पुरी होते कीं नाहीं, हें संग्राहकानें स्वतः ठरवूं नये. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींतून लेखी निर्णय घेतल्याशिवाय पैसाही देऊं नये व वस्तूही घरीं आणूं नये. माळ्यावर सांपडलेलें शस्त्र मालकाजवळही विनापरवाना असूं शकतें. त्यासही तीच वाट दाखवावी.

सारांश, कागदावांचून आलेलें लिएजचें हलकें रिव्हॉल्व्हर कितीही स्वस्त असलें तरी महागच होय. तें घेऊं नये. शिक्का, क्रमांक व मोजमाप टिपून, छायाचित्र घेऊन परत करावें. तेवढ्यानें अभ्यासाचें काम भागतें. त्याचा परवाना वा बिल सोबत असेल, तर कायद्याची वाट मोकळी करून दोन्ही एकत्र घ्यावीं व एकत्रच ठेवावीं. आणि मालक केवळ कागद देण्यास तयार असेल, तर रिव्हॉल्व्हरसाठीं बाजूस काढलेली सर्व रक्कम त्या कागदावर खर्च करण्यास मागेंपुढें पाहूं नये.