कामावर अपघात झाला तर भरपाईसाठी कोणते पुरावे लागतात?

प्रेस मशीनवर अंगठा गेला, इमारतीच्या पराच्यावरून कामगार पडला, गोदामात पोती अंगावर आली. अशा अपघातात मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आपण त्याच्याकडे कामाला होतो, अपघात कामामुळे आणि काम करतानाच झाला, आणि त्यातून इतकी इजा झाली.

हा हक्क आधी १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर लाभ मालकाकडून नव्हे, ईएसआय महामंडळाकडून मिळतो. पुरावे मात्र जवळपास तेच लागतात.

दवाखान्यातला पहिला कागद

सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे पहिल्या दवाखान्याचा केस पेपर. डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" आणि उत्तर तिथेच लिहून ठेवतात. गडबड नेमकी इथे होते. सोबत आलेला सुपरवायझर "घरी पडला" किंवा "गाडीवरून पडला" असं सांगून मोकळा होतो, आणि पुढे तोच कागद कामगाराच्या विरोधात दाखवला जातो. म्हणून शुद्धीवर असाल तर स्वतः सांगा, नाहीतर घरच्यांनी सांगावं: कुठे, कोणतं काम करताना, किती वाजता. गंभीर इजेत दवाखान्याला मेडिको-लीगल केस, म्हणजे एमएलसी, नोंदवायला सांगा आणि तिचा नंबर टिपून ठेवा. एक्स-रे, औषधांची बिलं, डिस्चार्ज कार्ड यांतलं काहीही फेकू नका.

नियुक्तीपत्र नाही, मग?

बहुतेकांकडे ते नसतंच. हजेरी कार्ड, गेट पास, ओळखपत्र, पीएफचं पासबुक, बँकेत किंवा यूपीआयवर आलेला पगार, "उद्या सकाळी साइटवर ये" असा ठेकेदाराचा व्हॉट्सॲप मेसेज, हे सगळं चालतं. मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट पुसू नका, फोनही विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतात. ठेकेदार हात वर करत असेल तर ज्या कंपनीचं काम चाललं होतं, त्या मूळ मालकावरही दावा लावता येतो. त्यामुळे साइटवरच्या पाटीचा फोटो हवा.

पगाराचा पुरावा का महत्त्वाचा, ते आकड्यांत बघा. कायमच्या अपंगत्वात पगाराच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात आणि त्यातून अपंगत्वाच्या टक्क्यांइतका भाग देतात. ३० वर्षं वयाला गुणक २०७.९८ आहे, अंगठा गेल्यास ३० टक्के. पगार १५,००० सिद्ध झाला तर भरपाई ५,६१,५४६ रुपये. कागदावर १०,०००च दिसले तर ३,७४,३६४. वय वाढलं की गुणक कमी होतो, म्हणून शाळेचा किंवा जन्माचा दाखलाही लागतो.

कोष्टकातले टक्के हा शेवटचा शब्द नाही. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने कोपराच्या वरून हात गेलेल्या सुताराला १०० टक्के अक्षम मानलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यात तुमचं नेमकं काम काय आणि ते आता का जमणार नाही, हे यावं असं पाहा.

घटनेची खूण

मशीन दुरुस्त होण्याआधी, पराची उतरवण्याआधी फोटो काढायला कुणाला तरी सांगा. सीसीटीव्हीचं फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे ते जपून ठेवा असं मालकाला लेखी कळवा. शेजारी काम करणाऱ्यांची नावं आणि त्यांचे गावाकडचे नंबर घ्या, ठेकेदार बदलला की माणसं पांगतात. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा चौकशी अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो. पोलीस आले असतील तर पंचनाम्याची प्रत घ्या.

मालकाला अपघाताची लेखी नोटीस लवकर द्या, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. दाव्याची मुदत दोन वर्षं आहे.

या काळात "मदत" म्हणून थोडे पैसे देऊन कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो. ती करू नका. भरपाईचा समझोता सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटल्यास नोंदणी नाकारली जाऊ शकते. कामगाराचा मृत्यू झाला असेल तर भरपाई प्राधिकाऱ्याकडेच जमा व्हावी लागते. परस्पर दिलेले पैसे, आगाऊ म्हणून दिलेला ठरावीक भाग सोडला तर, भरपाईत धरले जात नाहीत.